हैदराबादची तीन स्थानके

(सीमाभागातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी मी हैदराबादच्या आगगाडी स्थानकांचा विषय निवडला, हे वाचून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. बेळगावच्या श्रोत्यांनी हैदराबादच्या स्थानकांची उठाठेव कशासाठी करावी, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी आरंभीच देऊन टाकतो. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे अस्तित्वात आली आणि तिचे मुख्यालय सिकंदराबाद येथे ठेवण्यात आले. हुबळी विभाग तिच्याकडे सोपविण्यात आला आणि हुबळीबरोबर आपले बेळगावचे स्थानकही तिच्याकडे गेले. २००३ साली नैऋत्य रेल्वे निराळी निघेपर्यंत, म्हणजे सुमारे छत्तीस वर्षे, बेळगावच्या फलाटाची वरिष्ठ कचेरी सिकंदराबादेस होती. आपण गाडीची वाट येथे पाहत होतो; आपल्या गाडीचा विचार तेथे होत होता. ज्या गावाने आपल्या दोन पिढ्यांच्या प्रवासावर अंमल चालविला, त्या गावात आगगाडी कशी आली हे जाणून घेण्याचा आपल्याला पुरेपूर अधिकार आहे.

दुसरे कारण अलीकडचे आहे. २०२५ च्या आरंभी सिकंदराबाद स्थानकाची कमानींची जुनी दर्शनी इमारत पाडण्यात आली. तिच्या जागी होणाऱ्या नव्या स्थानकाची कोनशिला एप्रिल २०२३ मध्ये बसविली गेली होती. नवे स्थानक प्रशस्त होईल, आणि तेथील गर्दी ज्याने एकदा पाहिली आहे तो त्याची गरज नाकारणार नाही. परंतु जुनी वास्तू पडते तेव्हा एक साक्षीदार नाहीसा होतो. त्या साक्षीदाराची जबानी वेळीच लिहून घेतली नाही, तर पुढच्या पिढीला इतिहास म्हणून हाती लागते ते कंत्राटदाराचे देयक!

घराचे दार कोणत्या दिशेला आहे यावरून घरधन्याचा ओढा कोणाकडे होता हे कळते. हैदराबाद शहराला अशी तीन मोठी दारे आहेत: सिकंदराबाद, नामपल्ली आणि काचीगुडा. ही दारे निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या हेतूंनी उघडली गेली. खर्चाचा भार मात्र तिन्ही वेळा फिरून संस्थानच्या रयतेवरच आला. आणि या दारांतून पुढे जी माणसे आत आली, ती दार उघडणाऱ्यांच्या हिशेबात बहुधा नव्हती. आजच्या माझ्या सांगण्याचा गाभा एवढाच आहे.

छावणीचे दार

१७९८ साली निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. त्या फौजेची छावणी हुसेनसागर तलावाच्या उत्तरेला पडली, आणि १८०६ साली तिला तेव्हाचे निजाम सिकंदर जाह यांच्या नावावरून सिकंदराबाद हे नाव मिळाले. नाव निजामाचे आणि हुकूम इंग्रजांचा, अशी ही वसाहत होती. हैदराबाद व सिकंदराबाद यांना आज आपण जुळी शहरे म्हणतो. परंतु ही जुळी भावंडे एका आईची नव्हेत, हे ध्यानात ठेवावे.

यानंतरचे साल १८५३. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली आगगाडी धावली. मे महिन्यात, फौजेच्या खर्चाची बाकी पुढे करून, इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड प्रांत आपल्या कारभाराखाली घेतला. आणि त्याच महिन्यात, अवघ्या चोवीस वर्षांचे सालारजंग हैदराबादचे दिवाण झाले. आगगाडी, कर्ज आणि एक कर्तबगार दिवाण, हे तीन धागे पुढे एकमेकांत गुंतत गेले.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ १८६० साली सोलापुरास पोहोचले आणि १८७१ साली रायचुरास जाऊन मद्रासकडून येणाऱ्या मार्गाला मिळाले. मुंबई व मद्रास जोडणारा हा मार्ग निजामाच्या मुलखातून, गुलबर्गा आणि वाडी यांच्यावरून गेला. परंतु खुद्द राजधानीला त्याने शंभराहून अधिक मैल दूर ठेवले. वाडीच्या अलीकडे शहाबाद लागते. आपल्या घराघरांतून जी शहाबादी फरशी पसरलेली आहे तिचे हे गाव. आपल्या ओसरीचा दगड ज्या मार्गाने आला, त्याच मार्गावरून हैदराबादची वाट फुटते.

ती वाट फोडण्याचा करार १८७० साली झाला. मार्ग वाडीपासून निघावा, तो रुंद मापाचा असावा, पैसा निजाम सरकारने उभा करावा, आणि देखरेख इंग्रज सरकारची असावी, असे त्याचे स्वरूप होते. सालारजंगांना संस्थानची भरभराट हवी होती. रस्ते, शाळा, टपाल आणि महसूल यांची घडी त्यांनीच बसविली होती. आगगाडीचे महत्त्व त्यांना कोणी शिकवावयास नको होते. परंतु इंग्रजांचे डोळे छावणीवर होते. १८५७ चा अनुभव ताजा असताना, मुंबई-मद्रासच्या मार्गावरून फौज थेट सिकंदराबादच्या कवायत-मैदानापर्यंत नेता यावी, ही त्यांची निकड होती.

ऑक्टोबर १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद हा मार्ग खुला झाला. नकाशा उघडून पाहा: मुख्य मार्ग बेगमपेठेवरून छावणीकडे वळतो, आणि चारमिनारच्या ज्या शहरासाठी तो बांधला असे सांगण्यात येई, त्या शहराच्या वाट्याला फाटा येतो. मार्गाचे टोक कोठे ठेवले यावरून तो कोणासाठी बांधला हे उघड होते. शिवाय लोहमार्गाच्या जमिनीवरील न्यायाधिकारही कालांतराने इंग्रजांकडे गेला. निजामाच्या मुलखातून, निजामाच्या पैशाने बांधलेल्या रुळांच्या पट्टीवर निजामाचा कायदा चालत नसे!

पैशाची गोष्ट तर याहून उद्बोधक आहे. प्रारंभीच्या वर्षांत मार्ग तोट्यात चालला. सालारजंग ८ फेब्रुवारी १८८३ रोजी पटकीने वारले. गादीवरचे महबूब अली खान तेव्हा अज्ञान होते. अशा या निर्नायकी काळात एक योजना पुढे आली: लोहमार्ग लंडनमधील एका कंपनीच्या हवाली करावा, तो चांदा व बेझवाडा या दिशांनी वाढवावा, आणि कंपनीच्या भांडवलावर संस्थानने वीस वर्षे शेकडा पाच टक्के व्याजाची हमी द्यावी. गाड्या भरून धावोत वा रिकाम्या धावोत, भागीदाराला त्याचे पाच टक्के मिळालेच पाहिजेत आणि तूट आली तर ती खजिन्याने भरली पाहिजे. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, ती ही तऱ्हा. नव्या कंपनीच्या नावातच ‘गॅरंटीड’ हा शब्द होता. हमी कोण कोणाला देत होते हे मात्र नावात नव्हते.

आणि येथे हैदराबादच्या इतिहासातील एक मोलाचे पान उलगडते. या योजनेची कलमे लोकांपुढे मांडा, घाईने निर्णय करू नका, असे म्हणणारे काही सुशिक्षित नागरिक १८८३ साली पुढे आले. त्यांत मुल्ला अब्दुल कय्यूम होते आणि संस्थानच्या शिक्षण खात्यातील डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय होते. हिशेब विचारणे हा राजद्रोह ठरला. डॉ. अघोरनाथांना नोकरीतून दूर करण्यात आले आणि मे १८८३ मध्ये संस्थानाबाहेर घालविण्यात आले. काही काळाने त्यांना परत बोलावण्यात आले, हा भाग निराळा. त्या वेळी त्यांच्या घरात चार वर्षांची एक मुलगी होती; तिचे नाव सरोजिनी. पुढे सरोजिनी नायडू म्हणून साऱ्या देशाने तिला ओळखले. हैदराबादेतील लोकजागृतीचा आरंभ ज्या घटनांपासून मोजला जातो त्यांत चांदा रेल्वेच्या या वादाला अग्रस्थान आहे. सज्जनहो, ज्या आगगाडीने राज्यकर्त्यांची फौज आणली, तिच्याच निमित्ताने हैदराबादच्या नागरिकाने प्रथम तोंड उघडले आणि ‘आमच्या पैशाचे काय केलेत?’ असे विचारले.

अर्थात प्रश्नाने योजना थांबली नाही. १८८५ पासून कंपनीचा कारभार सुरू झाला. मार्ग वरंगळवरून पुढे सरकत १८८९ साली बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, पोहोचला. वाटेवर डोर्णकलपासून सिंगारेणीच्या कोळशाकडे फाटा निघाला. हा कोळसा १८७१ साली भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम किंग यांना आढळला होता. खाणींच्या सवलती ज्या रीतीने दिल्या गेल्या तिचा गवगवा इतका झाला की १८८८ साली ब्रिटिश पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. पाच वर्षांपूर्वी हैदराबादेत जे विचारणाऱ्याला हद्दपारी मिळाली, त्याच जातीचे प्रश्न लंडनमध्ये विचारणे भाग पडले!

१८९३ मध्ये सिकंदराबादेजवळ लालागुडा येथे कारखाना निघाला. लोहार, सुतार, सांधेवाले, इंजिनचालक यांची एक नवी वस्ती तेथे उभी राहिली. छावणीसाठी उघडलेल्या दारातून कामगार आत आला. दार उघडणाऱ्यांच्या हिशेबात नसलेला हा पहिला पाहुणा.

शहराचे दार

नामपल्लीच्या स्थानकाविषयी फार विस्तार करीत नाही. महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत, १९०७ साली, शहराच्या अंगाला हे स्थानक उभे राहिले. हे आजही टोकाचे स्थानक आहे. गाडी येथे येते, थांबते आणि आल्या वाटेने माघारी फिरते. मुंबईची गाडी धरावयाची तर हैदराबादकर आजही बहुधा नामपल्लीच गाठतो.

लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे ती त्याच्या नावाची. लोक ‘नामपल्ली’ म्हणतात, पण रेल्वेच्या दफ्तरी ते ‘हैदराबाद दख्खन’ आहे. ही पुस्ती का? तर फाळणीपूर्वी हिंदुस्थानात हैदराबाद नावाची दोन मोठी शहरे होती: एक आपल्या दख्खनमधले, दुसरे सिंधमधले. तिकिटात आणि पार्सलात घोटाळा होऊ नये म्हणून एकापुढे दख्खन आले. १९४७ साली सिंधचे हैदराबाद दुसऱ्या देशात गेले. घोटाळ्याचे कारण उरले नाही, तरी ‘दख्खन’ हा शब्द पाटीवर राहिला. देश दुभंगल्याची खूण एखाद्या स्थानकाच्या नावात अशी मुकाट्याने राहू शकते. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या गोष्टीचे मर्म अधिक सांगावयास नको.

मराठवाड्याचे दार

आता मी माझ्या विषयाच्या सर्वांत जिव्हाळ्याच्या भागाकडे येतो. काचीगुड्याच्या फलाटावर मी जेव्हा जेव्हा उतरलो, तेव्हा हमालाने मराठीत बोलावे आणि आपण दचकून पाहावे, असा अनुभव मला आला आहे. हे मराठी तेथे आले कोठून?

मनमाड ते हैदराबाद हा सुमारे ३९० मैलांचा मार्ग ‘हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे’ या नावाने १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. मनमाड सोडले की औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. मग जालना, परतूर, सेलू, परभणी, पूर्णा, नांदेड, उमरी, धर्माबाद. आणि तेथून तेलंगणाच्या हद्दीत निजामाबाद. मराठवाड्याच्या पाठीच्या कण्यासारखा हा मार्ग आहे. तो बांधला जात असतानाच १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ पडला होता. ज्या वर्षी शेतात पीक नव्हते त्या वर्षी शेताच्या बांधाशेजारी रूळ पडत होते.

परंतु हा मार्ग मीटर मापाचा होता. मुंबईकडून येणारे रूळ साडेपाच फूट रुंदीचे, तर हे सव्वातीन फुटांहून किंचित अधिक. परिणाम असा की जालन्याचा किंवा परभणीचा कापूस मुंबईस न्यावयाचा तर मनमाडला गाडीतून गाडीत उतरवून चढवावा लागे. गाठी उतरवणे, चढवणे, ओल्या होणे, गहाळ होणे, आणि प्रत्येक वेळी मजुरी व कमिशन, हा भुर्दंड नव्वद वर्षे मराठवाड्याने सोसला. तरीही याच मार्गाने सरकीचे आणि गाठींचे कारखाने गावोगाव आणले, बाजारपेठा वसविल्या आणि दुष्काळात परमुलखातून धान्य आणण्याची सोय केली. मालावर निजामाची ‘करोडगिरी’ नावाची जकात होती ती निराळीच. स्थानकावर उतरलेल्या गाठोड्याची झडती तिच्या शिपायापासून सुटत नसे.

या मार्गाने येणाऱ्या माणसाचे हैदराबाद म्हणजे काचीगुडा. आजची घुमटांची आणि मिनारांची डौलदार इमारत १९१६ ची, म्हणजे अखेरचे निजाम उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीतील. पडदानशीन स्त्रियांना परक्या नजरेआड गाडीत चढता यावे अशी व्यवस्था तेथे होती. ही इमारत आजही उभी आहे, आणि तिच्या सावलीत आजही मराठी ऐकू येते.

मराठवाड्याच्या माणसाला हैदराबादेस येण्यावाचून गत्यंतर नव्हते. उच्च न्यायालय हैदराबादेस, वरिष्ठ कचेऱ्या हैदराबादेस, मोठे इस्पितळ हैदराबादेस. आणि १९१८ नंतर उस्मानिया विद्यापीठही हैदराबादेस. त्या विद्यापीठाचे माध्यम उर्दू, न्यायालयाची भाषाही उर्दू. घरी मराठी बोलणारा मुलगा वळकटी आणि डबा घेऊन नांदेडला गाडीत बसे, काचीगुड्याला उतरे, आणि त्याला कायदा, गणित, रसायन सारे परक्या लिपीत शिकावे लागे. आपल्या भाषेत शिकण्याचा हक्क ही काय वस्तू आहे, हे त्या मुलाला कोणी व्याख्यानातून समजावून देण्याची आवश्यकता नव्हती.

म्हणूनच काचीगुडा आणि सुलतान बाजार या वस्त्यांतून मराठी माणसाने आपले घरकुल बांधले. १९०७ साली, नामपल्लीचे स्थानक उभे राहिले त्याच वर्षी, विवेकवर्धिनी ही शाळा निघाली; केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारख्यांनी तिच्यासाठी खस्ता खाल्ल्या. पुढे १९२२ साली मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. ज्या राज्यात सभा भरविण्यास ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या फर्मानाने आडकाठी होती, तेथे वाचनालय हीच सभा होती आणि शाळा हेच व्यासपीठ होते.

या मार्गाचा आणखी एक उपयोग झाला, जो त्याच्या बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हता. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूर येथे भरले. पुढची अधिवेशने ज्या गावी भरली त्यांत उमरी, औरंगाबाद आणि सेलू ही नावे आहेत. स्थानकांची यादी मी आताच वाचून दाखविली. ही चारही गावे याच रुळांवरची आहेत! कार्यकर्त्याला रात्रीच्या गाडीने निघून सकाळी सभेला पोहोचता येई, आणि पोलिसांचा सुगावा लागला तर पुढच्या स्थानकावर उतरून नाहीसेही होता येई.

१९३८ साली स्वामी रामानंद तीर्थांनी स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह केला. त्याच वर्षअखेर उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली. विद्यार्थ्यांनी ती मोडली आणि शेकडो विद्यार्थी विद्यापीठाबाहेर काढले गेले. त्यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. त्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते, जे पुढे भारताचे पंतप्रधान झाले. आता योगायोग पाहा. १८८३ साली ज्या चांद्याच्या मार्गाविषयी हिशेब विचारला म्हणून अघोरनाथांना हद्दपार केले, तो मार्ग काझीपेठ-बल्लारशा या रूपाने १९२९ मध्ये पुरा झाला होता. हैदराबादहून नागपूरचा सरळ रस्ता आता तोच होता. परकीय कंपनीच्या नफ्यासाठी आखलेल्या रेषेवरून, दोन पिढ्यांनंतर, ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल घालवून दिलेल्या मुलांचा शिक्षणाचा मार्ग गेला.

रेषा बदलल्या, रूळ राहिले

पुढील घटना मी भरभर सांगतो. १ एप्रिल १९३० रोजी निजाम सरकारने कंपनीकडून सारे लोहमार्ग विकत घेतले. जे आरंभी स्वतःच्याच पैशाने बांधले होते, ते दाम मोजून परत घ्यावे लागले! जून १९३२ मध्ये याच रेल्वे खात्याने २७ गाड्यांनिशी मोटार वाहतूक सुरू केली. सरकारी मालकीच्या प्रवासी मोटारींचा देशातील हा पहिला प्रयोग मानला जातो, आणि आजच्या तेलंगणा व आंध्रच्या महामंडळांचे मूळ त्यात आहे. १९४८ च्या सप्टेंबरात, १३ पासून १७ तारखेपर्यंत चाललेल्या कारवाईने संस्थान भारतात सामील झाले. १९५० मध्ये निजाम स्टेट रेल्वे केंद्र सरकारकडे आली आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ती मध्य रेल्वेत समाविष्ट झाली.

मग आले १ नोव्हेंबर १९५६. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगणा आंध्रात गेला, मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि गुलबर्गा, रायचूर व बीदर म्हैसूरला जोडले गेले. त्याच दिवशी आपल्या बेळगावचे काय झाले हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. बीदरच्या दिशेला भालकी, औराद, हुमनाबाद या बाजूंची मराठी गावेही त्याच दिवशी आपल्या रांगेत येऊन उभी राहिली. विकाराबादहून बीदर, भालकी, उदगीर करीत परळीला जाणारी गाडी त्या दिवसापासून तीन राज्यांतून धावू लागली. पण तिने आपले एकही स्थानक बदलले नाही.

रेषा कागदावर असते, ती एका रात्रीत हलविता येते. रूळ जमिनीवर असतात, ते तसे हलत नाहीत. मराठवाडा महाराष्ट्रात आला, त्याची राजधानी मुंबई झाली. पण त्याच्या गाड्यांचे तोंड काचीगुड्याकडेच राहिले. परभणीच्या माणसाला आपल्या नव्या राजधानीस जाताना मनमाडला सामान डोक्यावर घेऊन गाडी बदलावी लागे, आणि जुन्या राजधानीस मात्र तो अजिंठा एक्स्प्रेसने बसल्या जागी पोहोचे. मनमाडपासून औरंगाबादपर्यंत रुंद रूळ पडावयास १९९२ साल उजाडले, आणि सारा मार्ग रुंद होण्यास आणखी दशकभर लागले. एकीकरण कायद्याने १९५६ आणि १९६० साली झाले. रुळांनी ते पुरे करण्यास पुढे चार दशके घेतली. २००३ साली नांदेड येथे रेल्वेचा विभाग निघाला. तोही दक्षिण मध्य रेल्वेत, म्हणजे सिकंदराबादच्याच छत्राखाली, आणि आजही तो तेथेच आहे. तो मध्य रेल्वेला जोडावा ही मराठवाड्याची मागणी जुनी आहे.

याचा दोष हैदराबादच्या माणसाला देणे मात्र अन्यायाचे होईल. त्या शहराने मराठी शाळा चालू दिली, मराठी ग्रंथ जपले आणि मराठी माणसाला शेजार दिला. सोलापूरच्या गिरण्यांत आणि मागांवर तेलंगणातील विणकरांनी आपले आयुष्य घातले. आज सोलापूर त्यांच्यावाचून कल्पिताही येत नाही. माणसे रुळांवरून दोन्ही दिशांनी आली आणि गेली. प्रश्न शेजाऱ्याचा नव्हता. आपल्या सोयीचा निर्णय आपल्याला न विचारता कोणी दूर बसून करावा काय, हा होता. १८८३ साली अघोरनाथांनी विचारला तो हाच प्रश्न, वेगळ्या शब्दांत.

आपले कर्तव्य

श्रोतेहो, आता समारोप करतो. सिकंदराबादचे कमानदार तोंड गेले. त्या तोंडापाशी पलटणी उतरल्या, लालागुड्याच्या कामगारांनी पाळ्या धरल्या, आणि चारी भाषांच्या माणसांनी आपल्या पाहुण्यांची वाट पाहिली. नव्या स्थानकात या साऱ्याची नोंद राहील की नाही, हे तेथील नागरिकांच्या जागरूकतेवर अवलंबून आहे. काचीगुड्याची इमारत सुदैवाने उभी आहे. तेथे रेल्वेच्या जुन्या वस्तूंचे छोटे संग्रहालयही आहे. मुलाबाळांना घेऊन हैदराबादेस जाल तेव्हा चारमिनार अवश्य दाखवा, परंतु तासभर काचीगुड्यासही द्या. तेथे उभे राहून त्यांना सांगा की येथे आपल्या भाषेची मुले वळकट्या घेऊन उतरत, परक्या लिपीत शिकत, आणि तरीही मराठी विसरली नाहीत.

आणि येथील आपल्या स्थानकाचे काय? १८८७ च्या सुमारास सदर्न मराठा रेल्वेने आपल्या मुलखात रूळ घातले. ते कोणी आखले, जमिनी कोणाच्या गेल्या, फलाटावर कोणती भाषा बोलली गेली, सत्याग्रहींच्या तुकड्या कोणत्या गाडीने येत, त्यांना निरोप द्यावयास कोण जमे, हे सांगणारी वृद्ध मंडळी आज आपल्यात थोडी उरली आहेत. त्यांच्याजवळ बसा. एक वही करा. जुनी तिकिटे, वेळापत्रके, छायाचित्रे, हमालांच्या आणि स्टेशनमास्तरांच्या आठवणी तीत उतरवून घ्या. या वाचनालयाने अशी एक पेटी ठेवावी, अशी मी अध्यक्षांना जाहीर विनंती करतो.

अघोरनाथांनी विचारलेल्या प्रश्नाला १८८३ साली उत्तर मिळाले नाही, तरी तो कोणीतरी लिहून ठेवला होता, म्हणून मी तो आज आपल्यापुढे मांडू शकलो. लिहून ठेवलेला प्रश्न गाडी चुकली तरी फलाटावर थांबून राहतो. आपलाही लिहून ठेवा.